गळ, मासा आणि रविवार

शनिवारी रात्रीच कणकेचे गोळे मळून डब्यात भरले जातात. रविवारी पहाटे लोणी काळभोरच्या नाक्यावर तीन-चार मोटारसायकली थांबतात. पाठीला रॉड, पिशवीत रील, गळांची डबी आणि घरून बांधून दिलेली भाकरी. मग सोलापूर रस्त्याने सत्तर-ऐंशी किलोमीटर, थेट भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर. आठवडाभर कंपनीत, दुकानात किंवा शेतात राबणाऱ्या मित्रांचा हा विरंगुळा. पण मुळा-मुठा तर लोणीच्या उशालाच वाहते. तिथे गळ टाकायचा सोडून एवढ्या लांब का जायचे?

या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ दोनशे वर्षे मागे नेते. मुंबई सरकारच्या सेवेतील विल्यम सायक्स या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतील मासे गोळा करून १८३९ मध्ये त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. त्यांतला एक होता दख्खनचा महाशीर. शास्त्रीय नावातला ‘खुद्री’ हा शब्द सायक्सने इथल्याच लोकांच्या तोंडून उचलला. हा मासा मिळाल्याचे ठिकाण त्याने नोंदवले ते असे : मुळा-मुठा नदी, पुण्याच्या पूर्वेस सुमारे आठ मैल. आठ मैल म्हणजे तेरा किलोमीटर. म्हणजे आजचा मांजरी ते लोणी काळभोरचा पट्टा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हौशी लोक समुद्रातून नदीत चढणाऱ्या स्टीलहेड ट्राउटसाठी पिसांची खोटी माशी दोरीला बांधून थंड पाण्यात तासन्‌तास उभे राहतात. गळाशी तशीच झुंज देणारा आपल्याकडचा मासा म्हणजे महाशीर.

महाशीराला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि दगडगोट्यांचा तळ लागतो. शहराच्या सांडपाण्यात यांतले काहीच उरत नाही. सांडपाण्यातला सेंद्रिय मैला कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि वर जलपर्णीचा गालिचा पसरतो. अशा पाण्यात तिलापिया आणि आफ्रिकन मागूर यांसारखे चिवट परके मासे तगतात. महाशीर तगत नाही. १९७० च्या दशकापासून टाटांच्या लोणावळ्याजवळील वळवण येथील केंद्रात या माशाची कृत्रिम पैदास करून लाखो पिल्ले धरणांत सोडली गेली. म्हणून तो आज टिकून आहे. पण जिथून त्याची शास्त्रीय ओळख झाली, त्या पट्ट्यात नव्हे.

भिगवणला पोहोचले म्हणजे प्रदूषण मागे राहिले, असेही नाही. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमेचे पाणी उजनीत साठते. अंतरामुळे आणि मोठ्या साठ्यामुळे घाण विरळ होते, नाहीशी होत नाही. मासा शिजवला की जंतू मरतात, पण शिसे, कॅडमियम, पारा यांसारखे जड धातू कढईत नष्ट होत नाहीत. यांतले बरेचसे माशाच्या यकृतात, मूत्रपिंडात आणि कल्ल्यांत साठतात. पारा मात्र मांसातही उतरतो. म्हणून माशाचे पोट आणि कल्ले पूर्ण काढून टाकावेत, आणि दुसरे मासे खाणाऱ्या मोठ्या, म्हाताऱ्या माशांपेक्षा लहान मासे बरे. शहराच्या लगतच्या, काळे पाणी वाहणाऱ्या पट्ट्यातला मासा मात्र कोणीच खाऊ नये. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांनी तर मुळीच नाही.

पोट साफ करताना हाती येणारी हिरवी पित्ताची पिशवी हा याहून तातडीचा धोका आहे. मधुमेह, दमा किंवा सांधेदुखीवर औषध म्हणून ती कच्ची गिळण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. रोहू, कटला, गवत्या अशा कार्प जातीच्या माशांच्या पित्तात असे विष असते, की जे शिजवल्यानेही जात नाही. गिळल्यावर काही तासांत उलट्या, जुलाब आणि पोटदुखी सुरू होते. गडी म्हणतो, ‘अपचन झालं असेल.’ दोन-तीन दिवसांत लघवी कमी होते, अंगावर सूज येते आणि मूत्रपिंडे बंद पडतात. भारत, चीन आणि व्हिएतनाममधील डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले आहेत. वेळेवर डायलिसिस मिळाले तर बहुतेकांची मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागतात. उशीर झाला तर जीवही जातो. चुकून पित्त पोटात गेले असेल, तर त्रास थांबण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले ते स्पष्ट सांगावे.

गळ बोटात रुतणे हा नेहमीचा अपघात. गळाच्या टोकाला उलटा काटा असतो. तो आत शिरायला सोपा, पण मागे ओढला की मांस फाडतो. मित्राने ‘थांब, एका झटक्यात काढतो’ म्हटले तरी काढू देऊ नये. दोरी कापावी, गळ हलणार नाही असा सैल कपडा गुंडाळावा आणि दवाखान्यात जावे. तिथे भूल देऊन तो दोन मिनिटांत निघतो. डोळ्याजवळ रुतला असेल तर हातही लावू नये. जखम गढूळ पाण्यातली असल्याने, धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन पाच वर्षांपूर्वीचे असेल तर पुन्हा घ्यावे लागते. शिंगी किंवा मागुराचा काटा लागून असह्य ठणका लागला, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्याने आराम पडतो. पाण्याचा चटका बसत नाही ना, हे दुसऱ्या हाताने तपासावे.

पावसाळ्यात आणि त्यानंतर चिखलात अनवाणी उभे राहणाऱ्यांना लेप्टोचा धोका असतो. उंदरांच्या आणि जनावरांच्या मूत्रातले जंतू पायावरच्या साध्या चिरेतूनही शरीरात जातात. ताप लगेच येत नाही, बहुधा एक-दोन आठवड्यांनी येतो. तोवर रविवार विसरलेला असतो. जोराचा ताप, पोटऱ्यांमध्ये विलक्षण दुखणे आणि लाल डोळे दिसले, तर ‘आम्ही धरणावर गेलो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. हे एक वाक्य निदान कित्येक दिवसांनी अलीकडे आणते. गमबूट घालावेत आणि जखम झाकून घ्यावी.

या सगळ्यांपेक्षा मोठा धोका पाण्याचाच. उजनीचे पाणी वरून शांत दिसते, पण तळ असमान आहे. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल खोल खड्ड्यात पडू शकते. २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशीदरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. वारा उठला की बोटीवरून किंवा काठावरून बाजूला व्हावे. बोटीत जीवरक्षक जॅकेट घालूनच बसावे. दारू प्यायलेल्या मित्राला पाण्यात उतरू देऊ नये आणि परतताना त्याच्या हाती गाडीही देऊ नये.

एवढे सांभाळले, तर या सहलीसारखा दुसरा विसावा नाही. मोबाइल बाजूला पडतो, श्वास संथ होतो, आणि एरवी मनातले बोलायला लाजणारी पुरुष मंडळी पाण्याकडे पाहत घरची चिंता बोलून टाकतात. कित्येकांच्या वाट्याला आठवड्यात तेवढेच मोकळे बोलणे येते. महाशीर गळाला लागला, तर ओल्या हातांनी धरून पाण्यातच सोडवावा आणि त्याला जाऊ द्यावे; कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक थर निघतो.

संध्याकाळी मोटारसायकली लोणीला परततात. उजवीकडे, शेतांपलीकडे मुळा-मुठा असते. तिच्यात सोडले जाणारे सांडपाणी पूर्ण शुद्ध होऊन येऊ लागले, तर कदाचित पुढच्या पिढीला रविवारी भिगवण गाठावे लागणार नाही.