वैमानिकांसाठी हवामानाचा बोलका नकाशा

उड्डाणापूर्वी वैमानिकाला आपल्या मार्गावरील हवामानाची नेमकी माहिती असणे अगत्याचे असते. लहान विमानाचा चालक खालील भूभाग नजरेने न्याहाळीत जात असेल, तर अवचित ढगांत शिरणे त्याच्या जिवावर बेतू शकते.

अमेरिकेत पूर्वी मोठ्या प्रदेशांसाठी हा अंदाज संक्षिप्त, सांकेतिक मजकुराच्या रूपाने दिला जात असे. मुख्य भूमीचे सहा विभाग पाडलेले होते. एकेका विभागात अनेक राज्ये येत. त्यांतून आपल्या मार्गापुरता भाग वैमानिकाला स्वतःच वेचून काढावा लागे. १० ऑक्टोबर २०१७ रोजी मुख्य भूमीपुरती ही पद्धत बंद झाली व तिची जागा कॅन्सस सिटी येथील विमानवाहतूक हवामान केंद्राच्या संगणकीय नकाशाने घेतली. २०२३ मध्ये केंद्राने आपले संकेतस्थळही नव्याने उभारले.

या नकाशावर हवा तो तास निवडून ढग, दृश्यता, पाऊस व गडगडाटी वादळे पाहता येतात. वारे, हवेतील खळबळ आणि विमानावर बर्फ साचण्याचा धोका उंचीनुसार तपासता येतो. विमानतळाची खूण लाल असल्यास ढगांचा तळ १,००० फुटांखाली किंवा दृश्यता ३ मैलांहून कमी आहे, असे समजावे. तेथे केवळ नजरेच्या भरवशावर जाणे धोक्याचे.

तथापि, नकाशा निर्णय घेत नाही. अंदाज कोणत्या वेळेचा आहे हे पाहणे आणि शंका असल्यास उड्डाण पुढे ढकलणे, ही जबाबदारी वैमानिकाचीच राहते. माहिती सुबोध झाल्याने ती पार पाडणे मात्र सुकर झाले आहे.