कौटुंबिक उपक्रमांतून अर्थार्जन : वाढीची प्रक्रिया आणि बालकाचा हिस्सा

गोषवारा : पालक व मुले मिळून घरी करीत असलेले खेळ, हस्तकला, पाककृती व छोटे प्रयोग यांचे चित्रण लोकांपुढे मांडून त्यातून उत्पन्न मिळविणे, हा गेल्या दोन दशकांत रुजलेला एक नवा गृहोद्योग आहे. या उद्योगातील उत्पन्नाची रचना, वाढीबरोबर उपक्रमाच्या स्वरूपात होणारा बदल आणि त्यात सहभागी असलेल्या बालकाचा आर्थिक हक्क, या तीन बाबींचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. पालक आणि निर्माता या दोन भूमिका एकाच व्यक्तीकडे आल्यामुळे बालकाच्या संरक्षणाची प्रचलित चौकट अपुरी पडते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : कौटुंबिक उपक्रम, जाहिरात-उत्पन्न, बालकलाकार, बालकामगार कायदा, पालकत्व.

१. प्रस्तावना

घरातील उपक्रमाचे चित्रण करून त्यातून अर्थार्जन करणे ही कल्पना महाराष्ट्राला सर्वस्वी नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटापूर्वी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली आणि ती छोटी फीत दाखवून भांडवल उभे करण्याचा मार्ग मोकळा केला. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये राजपुत्राची भूमिका त्यांचा मुलगा भालचंद्र याने केली, तर 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये बाळकृष्णाची भूमिका कन्या मंदाकिनी हिने केली. सरस्वतीबाई फाळके यांनी मंडळींच्या भोजनापासून फिल्म धुण्यापर्यंतची कामे सांभाळली. म्हणजे भारतीय चित्रपटाचा आरंभच एका अर्थाने कौटुंबिक उद्योगातून झाला.

तथापि, तो काळ आणि आजची परिस्थिती यांत एक मूलभूत फरक आहे. भालचंद्र आणि मंदाकिनी यांनी भूमिका केल्या. पोशाख उतरविला की भूमिका संपत असे. आजच्या घरगुती चित्रणात मूल दुसऱ्या कोणाची भूमिका करीत नाही, ते स्वतः म्हणूनच प्रेक्षकांपुढे येते. त्याचा वाढदिवस, त्याचा हट्ट, त्याच्या हातून बिघडलेला आकाशकंदील हाच चित्रणाचा विषय असतो. काम कोठे सुरू झाले आणि खेळ कोठे संपला, हे सांगणे त्यामुळे कठीण होते. प्रस्तुत लेखाचा प्रश्न या अडचणीतून निर्माण झाला आहे.

२. उत्पन्नाची रचना

अशा उपक्रमांचे उत्पन्न मुख्यतः चार मार्गांनी येते : जाहिरातींतील वाटा, उत्पादकांकडून मिळणारे प्रायोजकत्व, शिफारस केलेल्या वस्तूंच्या विक्रीवरील दलाली आणि स्वतःच्या साहित्याची विक्री. यूट्यूबने २००७ साली निर्मात्यांना जाहिरात-उत्पन्नात वाटा देण्यास सुरुवात केली. २०१८ पासून या वाट्यासाठी किमान एक हजार सदस्य आणि मागील बारा महिन्यांत चार हजार तासांचे दर्शन अशी अट लागू झाली. पुढे लघुचित्रफितींसाठी पर्यायी निकष आले. नेहमीच्या लांबीच्या चित्रफितीवरील जाहिरात-उत्पन्नापैकी ५५ टक्के वाटा निर्मात्याला मिळतो.

या अटींचा अर्थ असा की, आरंभीचे अनेक महिने काम विनामोबदला होते आणि उत्पन्न सुरू झाल्यावरही ते सातत्यावर अवलंबून राहते. ठरावीक अंतराने नवे साहित्य दिले नाही तर प्रेक्षक अन्यत्र वळतात. यशाची शक्यता मात्र किती मोठी असू शकते, याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे अमेरिकेतील 'रायन्स वर्ल्ड'. २०१५ मध्ये एका लहान मुलाच्या खेळण्यांच्या चित्रणापासून सुरू झालेल्या या कौटुंबिक उद्योगाचे उत्पन्न 'फोर्ब्स' नियतकालिकाने २०१८ साठी २.२ कोटी, तर २०१९ साठी २.६ कोटी डॉलर इतके अंदाजले होते. हे उदाहरण अपवादात्मक आहे. परंतु अनेक कुटुंबे याच अपवादाकडे पाहून या क्षेत्रात उतरतात, ही बाब दुर्लक्षिता येत नाही.

३. वाढीबरोबर उपक्रमात होणारा बदल

उपक्रम छंद म्हणून चालू असतो तेव्हा त्याची वेळ, गती आणि शेवट मूल ठरविते. कंटाळा आला की कागद-कात्री बाजूला पडते. उपक्रमातून उत्पन्न अपेक्षित असले की हे तीनही निर्णय मुलाच्या हातून निसटतात.

दिवाळीतील मातीच्या किल्ल्याचे उदाहरण घेता येईल. सहामाही परीक्षा आटोपली की अंगणात किंवा जिन्याखाली दगड-माती गोळा करून मुले किल्ला रचतात, त्यावर हळीव वा मोहरी पेरतात, मावळे मांडतात. त्यात चिखल असतो, भांडणे असतात आणि चार-पाच दिवस सहज जातात. परंतु 'किल्ला कसा बांधावा' हे पाहणारा प्रेक्षक दिवाळीच्या आधी शोध घेतो. पाडव्यानंतर त्या चित्रफितीला फारसे मोल उरत नाही. म्हणून चित्रणासाठीचा किल्ला दोन-तीन आठवडे आधी, म्हणजे नेमका परीक्षेच्या दिवसांत उभा राहावा लागतो. शाडूच्या गणपतीचे चित्रण श्रावणात, राखीचे आषाढात. मुलाचा सण इतरांच्या सणापूर्वीच उरकला जातो आणि प्रत्यक्ष सणाच्या दिवशी घरात पुढच्या विषयाची तयारी चालू असते.

दुसरा बदल मुलाच्या चेहऱ्याशी संबंधित आहे. प्यू रिसर्च सेंटरने २०१९ च्या पहिल्या आठवड्यात मोठ्या सदस्यसंख्येच्या यूट्यूब वाहिन्यांचा अभ्यास केला. तेरा वर्षांखालील मूल असलेल्या चित्रफितींना इतर चित्रफितींच्या सरासरी जवळपास तिप्पट दर्शने मिळाल्याचे त्यात आढळले. वाढ हवी असेल तर मूल अधिक दिसले पाहिजे, असा संदेश ही बाजारपेठ पालकांना देते. उपक्रम मागे राहतो आणि मूल हाच आशय बनतो.

यात कायद्यानेही नकळत भर घातली आहे. अमेरिकेतील १९९८ च्या बालगोपनीयता कायद्याच्या भंगाबद्दल सप्टेंबर २०१९ मध्ये गूगल व यूट्यूब यांनी १७ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यानंतर जानेवारी २०२० पासून मुलांसाठी असलेल्या चित्रफितींवर वैयक्तिक आवडीनुसार दाखविल्या जाणाऱ्या जाहिराती बंद झाल्या. हे संरक्षण पडद्यासमोरील मुलाला मिळाले, पडद्यावरील मुलाला नाही. मुलांना शिकविणारा आशय त्यामुळे कमी किफायतशीर झाला. मुलांविषयीचा, पण प्रौढांनी पाहावयाचा आशय मात्र या बंधनाबाहेर राहिला. साहजिकच कृतीपेक्षा कौटुंबिक जीवनाचेच चित्रण करण्याकडे कल वाढण्यास वाव मिळाला.

४. बालकाच्या उत्पन्नाचे संरक्षण : परदेशांतील कायद्यांचा प्रवास

मुलाने मिळविलेला पैसा कोणाचा, हा प्रश्न प्रथम ठळकपणे पुढे आला तो जॅकी कूगन या बालनटाच्या निमित्ताने. चार्ली चॅप्लिन यांच्या 'द किड' (१९२१) मधील भूमिकेने कीर्ती मिळविलेल्या कूगनने बालपणी तीस ते चाळीस लक्ष डॉलर कमावले, असे मानले जाते. सज्ञान झाल्यावर ती रक्कम शिल्लक नसल्याचे त्याच्या ध्यानात आले. १९३८ मध्ये त्याने आई व सावत्र वडील यांच्यावर दावा केला. हाती आले ते सुमारे सव्वा लाख डॉलर. अज्ञान मुलाची कमाई ही पालकांची मालमत्ता, असे तत्कालीन कायद्याचे तत्त्व होते. या प्रकरणातून १९३९ चा कॅलिफोर्नियाचा कायदा झाला. २००० पासून अंमलात आलेल्या सुधारणेनुसार बालकलाकाराच्या कमाईपैकी १५ टक्के रक्कम स्वतंत्र विश्वस्त खात्यात ठेवणे बंधनकारक झाले.

घरगुती चित्रणातील मुले मात्र या कायद्याबाहेर राहिली, कारण तेथे करार नव्हता, वेतन नव्हते आणि बाहेरचा निर्माताही नव्हता. ही उणीव प्रथम फ्रान्सने दूर केली. १९ ऑक्टोबर २०२० च्या फ्रेंच कायद्याने सोळा वर्षांखालील मुलांच्या अशा कमाईचा भाग ती सज्ञान होईपर्यंत सार्वजनिक वित्तसंस्थेत ठेवण्याची तरतूद केली. शिवाय आपले चित्रण काढून टाकण्याची मागणी करण्याचा अधिकार खुद्द मुलाला दिला. अमेरिकेतील इलिनॉय राज्याचा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. तीस दिवसांतील किमान ३० टक्के आशयात मूल दिसत असेल तर उत्पन्नाचा प्रमाणशीर भाग त्याच्या नावे ठेवावा लागतो, आणि तसे न केल्यास सज्ञान झाल्यावर त्याला दावा करता येतो. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये याच आशयाचे कायदे संमत केले. मिनेसोटाने त्याहून पुढे जाऊन १ जुलै २०२५ पासून चौदा वर्षांखालील मुलांना अशा निर्मितीच्या कामात गुंतविण्यास मनाई केली.

५. भारतीय कायद्यातील स्थिती

बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र मनाई केली. मात्र दोन अपवाद ठेवले. पहिला अपवाद, शाळेच्या वेळेनंतर वा सुटीत कुटुंबाला अथवा कौटुंबिक उद्योगाला केलेली मदत. दुसरा, जाहिराती, चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका व तत्सम मनोरंजन क्षेत्रात कलाकार म्हणून केलेले काम.

या दोन अपवादांना जोडलेल्या अटी अगदी भिन्न आहेत. २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त व विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. सलग २७ दिवसांहून अधिक काम देता येत नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आणि उत्पन्नापैकी किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेव म्हणून ठेवावी लागते. कौटुंबिक मदतीच्या अपवादात असा कोणताही हिस्सा नाही, कारण ती मदत उत्पन्नासाठी नसावी, हेच तेथे गृहीत आहे. मुलाला, कुटुंबाला वा कौटुंबिक उद्योगाला मोबदला मिळवून देणारे उत्पादन वा पुरवठ्याच्या साखळीतील काम या 'मदती'त येत नाही. तसेच शाळेच्या वेळेत आणि सायंकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत ती घेता येत नाही.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने जून २०२२ मध्ये मांडलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या मसुद्यात, बालक वा त्याच्या कुटुंबाने तयार केलेला आशय हा कौटुंबिक उद्योगातील सहभाग मानावा, अशी भूमिका होती. येथेच पेच निर्माण होतो. घरातील चित्रणाला कौटुंबिक मदत म्हणावे तर त्यातून उत्पन्न मिळता कामा नये. कलाकाराचे काम म्हणावे तर परवानगी, तास आणि २० टक्के ठेव या अटी पाळावयास हव्यात. प्रत्यक्षात उत्पन्न मिळते आणि अटी बहुधा पाळल्या जात नाहीत.

या पेचाचे मूळ कायद्याच्या एका गृहीतकात आहे. निर्माता नफा पाहतो आणि पालक मुलाचे हित पाहतो, या दोघांच्या परस्परविरोधातून संरक्षण निर्माण होते, अशी ही रचना आहे. निर्माता आणि पालक एकच झाल्यावर तास मोजणारा कोणी उरत नाही. व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा, २०२३ मध्येही अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची संमती हाच आधार मानला आहे. ज्याच्यापासून क्वचित संरक्षण हवे, त्याचीच संमती पुरेशी ठरते.

६. कुटुंबांसाठी व्यवहार्य पद्धती

वरील विवेचनाचा उद्देश अशा कुटुंबांना दोषी ठरविण्याचा नाही. घर सांभाळून स्वतःचे उत्पन्न मिळविण्याचा हा मार्ग अनेक मातांना उपलब्ध झाला आहे आणि त्यामागे कष्ट व कल्पकता असते. कायदा स्पष्ट होईपर्यंत काही पथ्ये स्वेच्छेने पाळता येतील.

(अ) मुलाच्या सहभागाच्या तासांची व उत्पन्नाची नोंदवही ठेवावी. (आ) कलाकारांसाठीचा २० टक्क्यांचा निकष घरातही लावावा. उदाहरणार्थ, महिना वीस हजार रुपये उत्पन्न असेल तर दरमहा चार हजार याप्रमाणे आठ वर्षांत व्याज न धरता ३ लाख ८४ हजार रुपये मुलाच्या नावे जमतात. पदवी शिक्षणाच्या उंबरठ्यावर ही रक्कम लहान नव्हे. (इ) कृतीच्या चित्रणात चेहऱ्याऐवजी हात व साहित्य दाखवावे. यामुळे दर्शने काही प्रमाणात घटली तरी उपक्रमाचे शैक्षणिक मूल्य घटत नाही. (ई) आजारपण, रडणे, शिक्षा आणि शाळेचे नाव चित्रणातून वगळावे. (उ) 'आज नको' असे मुलाने म्हटल्यास चित्रण थांबवावे आणि मोठेपणी जुने चित्रण काढून टाकण्याची त्याची मागणी मान्य करावी. (ऊ) प्रायोजित वस्तू असल्यास तसे स्पष्ट सांगावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींविषयी स्वतंत्र तरतुदी आहेत.

७. निष्कर्ष

कौटुंबिक उपक्रमाचे उत्पन्नात रूपांतर होताना वाढ हा केवळ आर्थिक बदल राहत नाही. ती उपक्रमाचे वेळापत्रक, विषय आणि अखेरीस मुलाचे घरातील स्थान बदलते. कूगनच्या दाव्यापासून कायद्याने एवढे मान्य केले आहे की, मुलाची कमाई आपोआप पालकांची होत नाही. घरगुती चित्रणाच्या बाबतीत भारतीय कायद्याने हे तत्त्व अद्याप स्पष्टपणे लागू केलेले नाही. कौटुंबिक मदत आणि कलाकाराचे काम यांच्यामध्ये तिसरा, स्वतंत्र वर्ग निर्माण करून त्याला ठेव, तासांची मर्यादा आणि चित्रण काढून टाकण्याचा हक्क जोडणे हा त्यावरील उपाय ठरू शकेल.

महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या दृष्टीने हा विषय वाणिज्य, विधी, गृहविज्ञान आणि मानसशास्त्र या शाखांच्या सीमेवर उभा आहे. या चित्रणात वाढलेली पहिली पिढी आता महाविद्यालयांच्या वर्गांत येऊन बसत आहे. आपल्या बालपणाचा जमाखर्च कोणी ठेवला होता काय, हे ती पिढी विचारू लागेल तेव्हा तिला उत्तर देण्याइतका अभ्यास आपल्यापाशी असणे आवश्यक आहे.