हळद, गोळ्या आणि यकृतातली एन्झाइम्स

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आपल्या हिंगोलीकरांना अभिमान आहेच. याच हळदीतल्या करक्युमिनमुळे एक भन्नाट प्रश्न उभा राहतो.

आपण घेतो त्या बहुतेक औषधांची वासलात यकृतातली सायटोक्रोम पी-४५० (सीवायपी) कुळातली एन्झाइम्स लावतात. एकटं सीवायपी३ए४ जवळपास निम्म्या औषधांवर काम करतं. प्रयोगशाळेत करक्युमिन यातल्या काहींना अडवतं. पण यातलं नेमकं कोणतं एन्झाइम काय करतंय, हे ओळखायचं कसं? सीवायपी२सी९ आणि सीवायपी२सी१९ तर ९१ टक्के सारखी!

इथे अँटिबॉडी कामाला येते. एन्झाइमचा, फक्त त्याच्यातच आढळणारा छोटा तुकडा सशाला टोचतात. सशाच्या रक्तात तयार झालेली अँटिबॉडी नेमका तोच तुकडा पकडते. यकृतातली प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून पातळ पडद्यावर उतरवली, की अँटिबॉडी बसते तिथे पट्टा उमटतो. पट्टा गडद, म्हणजे एन्झाइम जास्त.

मात्र पट्टा प्रमाण सांगतो, काम नाही. करक्युमिनने अडवलेलं एन्झाइमही तसाच गडद पट्टा देऊ शकतं! म्हणून औषधाचं विघटन वेगळं मोजावंच लागतं. मला सगळ्यात आवडतात त्या एन्झाइमचं कामच थांबवणाऱ्या अँटिबॉडी. सीवायपी२सी९ला अडवल्यावर रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचं विघटन मंदावलं, की ते काम कुणाचं हे कळलं.

भाजीतल्या हळदीची काळजी नको. पण रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर करक्युमिन-मिरीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्या. मिरीतलं पिपरीनही सीवायपी३ए४ला अडवतं.