हिरवळ कापण्याचें जुनें यंत्र : घरगुती दुरुस्ती आणि वंगण

सोलापूरचें नांव कापडगिरण्यांनीं दूरवर नेलें. येथील पहिली कापडगिरणी १८७७ सालीं उभी राहिली, आणि पुढें कित्येक दशकें गांवाचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर उगवला व मावळला. त्या जुन्या मोठ्या गिरण्या आज बंद पडल्या आहेत. परंतु गिरणीशीं नातें सांगणारें एक लहानसें यंत्र जुन्या बंगल्यांच्या पडवींत किंवा जिन्याखालीं अजूनहि पडून असलेलें आढळतें. हातानें ढकलून चालवावयाचें, हिरवळ कापण्याचें यंत्र तें हेंच होय.

हिरवळीचा आणि कापडगिरणीचा संबंध काय, असा प्रश्न कोणालाहि पडेल. इंग्लंडांतील स्ट्राउड या गांवाच्या परिसरांत लोंकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावर तंतूंची जी लव उभी राही, ती एकसारखी कातरण्यासाठीं तेथें फिरत्या पात्यांचें यंत्र वापरीत. त्यावरूनच एडविन बडिंग या कारागिराला गवत कापण्याच्या यंत्राची कल्पना सुचली असें मानलें जातें. १८३० सालीं त्यानें आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें. तोंवर हिरवळ राखण्याचें काम लांब दांड्याच्या विळ्यानें, नाहीं तर मेंढ्यांच्या तोंडानें होत असे. बडिंगच्या यंत्रांत चालत्या रुळाची गति दंतचक्रांच्या द्वारें पात्यांकडे पोंचविलेली होती. यंत्राचा प्राण तेव्हांहि या दंतचक्रांत होता आणि आजहि तो तेथेंच आहे. पातीं बोथट झालीं तर गवत वाईट कापलें जाईल. दंतचक्रें अडलीं तर तें कापलेंच जाणार नाहीं.

असें असूनहि यंत्र जड चालूं लागलें कीं बहुतेक गृहस्थ पात्यांना धार लावून आणतात, आणि तरीहि तें चालेना म्हणजे भंगारवाल्याच्या स्वाधीन करतात. वास्तविक बिडाचें जुनें यंत्र सहसा मोडत नाहीं. तें चिकटतें, सुकतें आणि मातीनें भरतें. हे तीनहि दोष घरच्या घरीं एका दुपारीं दूर करतां येतात. त्यासाठीं यंत्राच्या आंत काय घडतें, एवढें मात्र आधीं समजून घेतलें पाहिजे.

यंत्राच्या दोन चाकांच्या मध्यें पात्यांचा रूळ आडवा बसविलेला असतो. चाकाच्या आंतल्या कडेला दांत्यांचें एक मोठें कडें असतें. रुळाच्या आंसावर एक लहान दंतचक्र असतें, आणि त्याचे दांते या कड्यांत अडकलेले असतात. समजा, कड्याला ६० व लहान चक्राला १२ दांते आहेत. मग चाकाची एक फेरी होईपर्यंत रुळाच्या पांच फेऱ्या होतात. रुळावर पांच पातीं असलीं तर चाकाच्या एका फेरींत पंचवीस वेळां पातें गवतावरून जातें. चाक दहा इंच व्यासाचें असेल तर एका फेरींत यंत्र सुमारें ३१ इंच पुढें सरकतें. याचा अर्थ, दर सव्वा इंचाला एक काप पडतो. हा हिशेब जुळतो तोंवरच हिरवळ सपाट दिसते. दंतचक्र क्षणभर घसरलें कीं तेवढ्या पट्ट्यांत गवत तसेंच उभें राहतें.

आणखी एक लहानसा अवयव आहे, आणि सर्व घोटाळा बहुधा त्याच्यापाशींच असतो. यंत्र पुढें ढकलतांना पातीं फिरावीं, पण मागें ओढतांना तीं स्थिर राहावीं, अशी योजना असावी लागते. सायकलच्या फ्रीव्हीलमध्यें हीच योजना असते. येथें ती साधण्यासाठीं आंसाच्या टोकाला एक आरपार खांच पाडून तिच्यांत पोलादाची एक छोटी खिटी सैल बसविलेली असते. लहान दंतचक्राच्या आंतल्या बाजूस तिरकस खांचा असतात. चक्र पुढें फिरलें कीं खिटी खांचेंत अडकते आणि आंसाला बरोबर घेऊन जाते. चक्र उलट फिरलें कीं ती तिरकस बाजूवरून घसरत ‘कट् कट्’ असा आवाज करते. हा आवाज यंत्र निरोगी असल्याची खूण आहे. मागें ओढतांना यंत्र अगदीं मुकें राहिलें तर खिटी चिकटली असावी, असा पहिला संशय घ्यावा.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वीं दोष नक्की कोठें आहे तें ठरवावें. रुळाखालीं एक स्थिर पातें असतें, आणि तें वरखालीं करण्याचे स्क्रू दोन्ही बाजूंस असतात. ते थोडे सैल करून यंत्र उचलावें व चाक हातानें फिरवावें. आतां रूळ हलका फिरूं लागला तर दोष दंतचक्रांचा नव्हता. स्थिर पातें रुळाला फार घट्ट टेकलें होतें, एवढेंच. चाक फिरतें पण रूळ फिरत नाहीं, असें दिसलें तर खिटी चिकटलेली किंवा झिजलेली समजावी. चाकच अडखळत असेल तर दांत्यांत माती, खडा किंवा गवताचा लगदा बसला आहे. ही परीक्षा दोन्ही चाकांची स्वतंत्रपणें करावी, कारण एका बाजूची खिटी निकामी झाली तरी यंत्र दुसऱ्या बाजूच्या जोरावर कसेंबसें चालत राहतें, आणि दोष पुष्कळ दिवस ध्यानांत येत नाहीं.

येथें एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. चाक फिरलें कीं पातें फिरतें, ही गोष्ट काम करणारा विसरला तर बोट गमावण्याची वेळ येते. म्हणून परीक्षा संपतांच दोन पात्यांमध्यें लांकडाचा एक ठोकळा अडकवून रूळ जखडून टाकावा आणि हातांत जाड मोजे घालावे. यंत्र विजेवर चालणारें असेल तर प्लग भिंतींतून काढून तो डोळ्यांसमोर ठेवावा. पेट्रोलवर चालणारें असेल तर स्पार्क प्लगची तार आधीं काढून बाजूस करावी. मुलांना हें काम पाहूं द्यावें, परंतु पात्यांपासून दूर बसवून.

सामग्री फारशी लागत नाहीं. एक स्क्रू ड्रायव्हर, पाने, पक्कड, दांत घासण्याचा जुना ब्रश, बांबूची एक चपटी काडी, सुती चिंध्या, पसरट डबा व दोन वाट्या एवढ्यावर काम भागतें. धुण्यासाठीं रॉकेल घ्यावें, न मिळाल्यास डिझेल चालेल. पेट्रोल मात्र घेऊं नये, कारण त्याची वाफ झटकन् पेट घेते. हें काम स्वयंपाकघरापासून दूर, मोकळ्या हवेंत व सावलींत करावें.

चाकाच्या मध्यावरचें झांकण काढलें म्हणजे आंत नट, पिन किंवा स्प्रिंगची कडी दिसते. स्प्रिंगची कडी काढतांना तिच्यावर चिंधी धरावी, नाहीं तर ती उडून गवतांत जाते व पुन्हां सांपडत नाहीं. नट गंजला असेल तर बळ लावूं नये. त्यावर पातळ तेलाचे व रॉकेलचे थेंब सोडून रात्रभर मुरूं द्यावे. सकाळीं हलके ठोके मारले कीं तो बहुधा सुटतो. चाक निघालें कीं लहान दंतचक्र हलकेच बाहेर ओढावें व त्याच क्षणीं खिटी कशी बसली आहे तें पाहून कागदावर तिचें चित्र काढावें. आजकाल हातांतल्या फोनवर छायाचित्र घेणें त्याहूनहि सोपें. डाव्या बाजूचे भाग एका वाटींत आणि उजव्या बाजूचे दुसऱ्या वाटींत ठेवावे. हा नियम क्षुल्लक वाटला तरी तो मोडूं नये. कित्येक यंत्रांत दोन्ही बाजूंचीं चक्रें दिसायला सारखीं, पण आंतल्या खांचा परस्परविरुद्ध दिशेच्या असतात. अदलाबदल झाली तर यंत्र पुढें ढकलतांना पातीं स्थिर राहतात आणि मागें ओढतांना तीं उलटीं फिरूं लागतात.

आतां धुण्याचें काम. सोलापूरच्या काळ्या मातीची बारीक धूळ जुन्या वंगणांत मिसळली कीं त्याचा काळा, घट्ट लगदा बनतो. तो दिसतो वंगणासारखा, पण काम करतो शाणेचें. दर फेरीला तो दांत्यांची थोडी थोडी धातु खरवडून काढतो. म्हणून जुन्या वंगणावर नवें वंगण चोपडणें म्हणजे शाणेला पाणी घालणें होय. बांबूच्या काडीनें लगदा कोरून काढावा, मग प्रत्येक दांता व प्रत्येक खांच ब्रशानें रॉकेलमध्यें धुवावी आणि सर्व भाग कोरड्या चिंधीनें पुसून घ्यावे. घाण झालेलें रॉकेल मोरींत किंवा झाडाच्या मुळाशीं ओतूं नये. तें डब्यांत भरून वाहनदुरुस्तीच्या कारखान्यांत द्यावें, तेथें खराब तेल सांठवतात. तेलकट चिंध्याहि गोळा करून कोंडून ठेवूं नयेत. त्या उन्हांत पसरून वाळूं द्याव्या.

धुतलेले भाग उजेडांत पाहावे. दांत्यांचा माथा थोडा चमकत असेल तर चिंता नाहीं. तो करवतीसारखा टोंकदार झाला असेल तर त्याचें आयुष्य संपत आलें आहे. खिटीच्या कडा तीक्ष्ण व चौकोनी असाव्या. त्या गोल झाल्या असतील तर ती खांचेंत धरत नाहीं आणि यंत्र मधूनमधून घसरतें. अशी खिटी म्हणजे पोलादाचा लहानसा तुकडा. जुनी नमुन्यास दिली तर लेथ चालविणारा कोणताहि कारागीर नवी करून देऊं शकतो. सोलापुरांत अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूस अशा कारागिरांची चौकशी करावी. बिडाचा दांता तुटला असेल तर मात्र घरीं जोडण्याचा खटाटोप करूं नये; तशाच दुसऱ्या जुन्या यंत्राचें चक्र मिळवावें.

शेवटीं वंगण. पूर्वीं बैलगाडीच्या आंसाला एरंडेलासारखें तेल घालीत. तें वाहून जाई आणि पुन्हां पुन्हां घालावें लागे. ग्रीस म्हणजे साबणांत कोंडून ठेवलेलें तेल; साबण तेल धरून ठेवतो व घर्षणाच्या जागीं थोडें थोडें सोडतो. चुन्याच्या साबणाचें ग्रीस पाण्याला दाद देत नाहीं, पण उष्णतेनें पातळ होतें. सोड्याच्या साबणाचें ग्रीस उष्णता सोसतें, पण पाण्यानें बिघडतें. लिथियम या धातूच्या साबणाचें ग्रीस दोन्ही सोसतें. त्याचें पेटंट अमेरिकेंत १९४२ सालीं क्लॅरेन्स अर्ल यानें घेतलें. सोलापुरांत वैशाखांत पारा चाळिसांच्या वर जातो, आणि आषाढांत तेंच यंत्र ओल्या गवतांत फिरतें. म्हणून येथें लिथियमचें, दोन क्रमांकाचें साधें ग्रीस योग्य होय. निरनिराळ्या जातींचीं ग्रीसें एकत्र करूं नयेत. त्यांचे साबण एकमेकांना फोडतात आणि तेल वाहून जातें.

ग्रीस किती लावावें, यांत खरें कौशल्य आहे. दांत्यांवर बोटानें पातळ थर द्यावा, दांता झांकेल इतकाच. पोकळी गच्च भरली तर जादा ग्रीस बाहेर येतें व कापलेल्या गवताचा कूट त्याला चिकटतो. आणि खिटीला ग्रीस मुळींच लावूं नये. तिला शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा एक थेंब पुरे. खिटी आपल्या वजनानें सरकणारी वस्तु आहे. घट्ट वंगणांत ती रुतली कीं खांचेंत पडत नाहीं, आणि स्वच्छ, नीट दुरुस्त केलेलें यंत्रहि चालेनासें होतें. ज्या वंगणानें दांते वांचतात, त्याच वंगणानें खिटी मरते. रुळाच्या दोन्ही टोंकांच्या बेअरिंगांना तेलाचीं भोकें असतील तर तेथेंहि तेलच घालावें. विजेच्या किंवा पेट्रोलच्या यंत्रांत सांखळीला तेल द्यावें. रबरी पट्ट्याला मात्र तेलाचा स्पर्शहि होऊं देऊं नये.

भाग उलट क्रमानें बसवावे, पात्यांतला ठोकळा काढावा आणि चाक पुन्हां फिरवून पाहावें. पुढें फिरवितांना रूळ ताबडतोब सुटला पाहिजे. मागें फिरवितांना तो स्थिर राहून खिटी बोलली पाहिजे. ही कसोटी दोन्ही बाजूंस उतरली कीं मगच स्थिर पातें वर घ्यावें, आणि तें इतकेंच कीं वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी रुळाच्या संपूर्ण लांबींत स्वच्छ कापली जावी.

हें काम वर्षांतून एकदां पुरतें. सोलापुरांत वर्षाचा पाऊस सुमारें साडेपांचशें मिलिमीटर, आणि त्याचा मोठा भाग भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास पडतो. हिरवळहि तेव्हांच जोरांत असते. कार्तिकानंतर गवत मंदावतें व यंत्र महिनेंमहिने निजून राहतें. ओलें गवत आंत ठेवून तें निजलें तर गंज चढतो, आणि मृग लागतांच चाक अडून बसतें. म्हणून हंगामाच्या शेवटच्या कापणीनंतर यंत्र धुऊन, वंगण देऊन ठेवावें. खंडेनवमीस घरोघरीं हत्यारांची पूजा होते. त्या दिवशीं यंत्राला हळदकुंकू वाहण्यापूर्वीं त्याचीं झांकणें उघडून पाहिलीं तर दोष वेळींच कळेल. गिरणींत मागांच्या रांगांतून तेलाचें भांडें घेऊन फिरणारा माणूस असे. त्याची पाळी चुकली कीं माग थांबे. घरच्या यंत्राला असा माणूस नसतो. तें काम घरांतल्याच कोणीतरी अंगावर घेतलें पाहिजे.