वायर सोलून तांबे विकावे की तशीच विकावी? आधी हिशेब करा

जुने चार्जर, बंद टीव्ही, पाणबुडी मोटारीची खराब केबल... घरोघरी वायरींचा ढीग साठतो. सोललेल्या तांब्याला भंगारात भाव जास्त मिळतो, म्हणून अनेक जण ब्लेड घेऊन बसतात. पण भाव मिळतो किलोवर आणि वेळ जातो मीटरवर. हिशेब चुकतो तो इथेच.

१ चौरस मिलिमीटरच्या १ मीटर तारेत तांबे जेमतेम ९ ग्रॅम. म्हणजे किलोभर तांब्यासाठी सुमारे ११० मीटर तार सोलावी लागते. चार्जरची तार तर याहून कितीतरी बारीक. याउलट ४ चौरस मिलिमीटरच्या तीन तारी मोटार केबलमध्ये साधारण १० मीटरमध्येच किलो निघते.

आधी एक किलो वायर सोलून बघा, घड्याळ लावा. समजा, न सोललेल्या वायरीला २०० रुपये भाव आहे. सोलल्यावर ४०० ग्रॅम तांबे निघाले आणि ६५० च्या भावाने २६० रुपये आले. फायदा फक्त ६० रुपये. त्यात दोन तास गेले, तर तासाला ३० रुपये पडले. एवढ्यात शेतावर मजूर तरी येईल का?

तार ब्लेडने खरवडूनही बघा. वरून लाल आणि आत पांढरी निघाली, तर ते ॲल्युमिनियमवर चढवलेले तांबे. त्याला तांब्याचा भाव मिळत नाही.

वेळ वाचवायला वायर जाळू मात्र नका. प्लास्टिकचा धूर विषारी असतो, अन् काळ्या पडलेल्या तांब्याला भावही कमीच मिळतो.

थोडक्यात, जाड केबल सोला, बारीक वायर तशीच विका.