खेकड्याच्या रक्तातले पहारेकरी

आम्ही शिराळकर वारणा-मोरणेकाठचे खेकडे लहानपणापासून पाहतो. सिंधुदुर्गात मात्र कांदळवनाच्या खाड्यांत कुर्ल्यांची, म्हणजे चिखलातल्या खेकड्यांची शेती होते. हनफी मसलकात खेकडा खात नाहीत; तरी अल्लाहच्या या मखलूकाची रचना समजून घेण्यासारखी आहे.

खेकड्याच्या रक्तात तांबे असते, म्हणून ते निळसर दिसते. आपल्यासारखी प्रतिपिंडे त्याच्याकडे नसतात. रक्तपेशीच जंतूंना गिळतात, घेरतात आणि काळ्या रंगद्रव्याने जखम बंद करतात. तळ्यात गर्दी झाली, पाणी बिघडले की व्हिब्रिओ जातीचे जीवाणू वाढतात. कात टाकून मऊ पडलेला किंवा नांगी तुटलेला खेकडा त्यांच्या तावडीत आधी सापडतो. या झुंजीत रक्तपेशी घटत जातात. मग एरवी निरुपद्रवी असलेला जंतूही जीव घेतो.

प्रतिपिंडेच नाहीत, त्यामुळे आपल्या मुलांना देतो तशी लस इथे उपयोगी पडत नाही. पाण्यात अँटिबायोटिक ओतले, तर औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात आणि ते माणसापर्यंतही पोहोचू शकतात. स्वच्छ पाणी, मोकळी जागा आणि जखमी खेकडा वेगळा ठेवणे, हाच खरा इलाज.

पाकीचा धडा आपल्याला नवा नाही. डॉक्टरांना न विचारता अँटिबायोटिक गोळ्या घेण्याची सवय मात्र आपल्या घरांतूनही जायला हवी.