विश्लेषण : मांजराचे पिल्लू विकत घ्यावे, की निवारा केंद्रातले मोठे मांजर दत्तक घ्यावे?

‘पर्शियन पिल्लू विक्रीस’ ही जाहिरात आणि ‘आठ वर्षांचे मांजर, मालक परदेशी जात असल्याने घर हवे’ हे आवाहन समाजमाध्यमांवर अनेकदा एकाखाली एक दिसते. जाहिरातीखाली लगेच चौकशा सुरू होतात, आवाहन मात्र बराच काळ फिरत राहते. पिल्लू गोंडस असते, लवकर रुळते, मोठे मांजर मात्र माणसाला लावून घेत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा आहे आणि मोठे मांजर दत्तक घेताना काय पाहावे, याविषयी…

मोठी मांजरे बेघर का होतात?

घर बदलणे, नव्या घरमालकाची हरकत, लग्न, घरात येणारे बाळ, कुणाला तरी झालेली ॲलर्जी, वृद्ध मालकाचा मृत्यू अशी कारणे वारंवार पुढे येतात. यात मांजराचा दोष क्वचितच असतो. वर्षानुवर्षे घरात वाढलेले मांजर इमारतीच्या आवारात सोडले, तर ते ‘आपले आपण जगेल’ असे मानले जाते. प्रत्यक्षात त्याला रस्ता ओलांडण्याची सवय नसते, शिकारीचा सराव नसतो आणि तिथली मांजरे त्याला आपल्या हद्दीत टिकू देत नाहीत. अशी मांजरे जखमी किंवा उपाशी अवस्थेत निवारा केंद्रात पोहोचतात आणि पिल्लांना मागणी जास्त असल्याने तिथेच राहतात.

पिल्लू विकत घेण्यात अडचण काय?

पिल्लू आईजवळ असताना साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसांची व इतर मांजरांची ओळख शिकते. चावताना दात किती जोरात लावायचे, हेही भावंडांशी खेळतानाच कळते. लवकर विक्री व्हावी म्हणून पिल्लू आधीच वेगळे केले, तर पुढे चावणे, घाबरणे असे प्रश्न उद्भवू शकतात. शिवाय पॅनल्युकोपेनिया या विषाणूजन्य आजाराचा सर्वाधिक धोका लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लांनाच असतो.

दुसरा मुद्दा जातीचा. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. चपट्या नाकामुळे श्वासाचा त्रास आणि सतत वाहणारे डोळे हेही नेहमीचे. दुमडलेल्या कानांच्या ‘स्कॉटिश फोल्ड’ मांजरात ज्या जनुकदोषामुळे कान दुमडतात, त्यामुळेच सांध्यांचा वेदनादायक आजार होतो. आपल्याकडच्या दमट उकाड्यात लांब केसांचे मांजर सांभाळणे हे रोजचे काम आहे.

कायदा काय सांगतो?

पाळीव प्राणी दुकानांसाठीच्या २०१८ च्या केंद्रीय नियमांनुसार दुकानाला राज्य पशू कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. मात्र प्रजनन व्यवसायासाठीचे २०१७ चे नियम फक्त कुत्र्यांपुरते आहेत. त्यामुळे घरगुती पातळीवर मांजरांची पैदास करून ऑनलाइन विकणाऱ्यांवर पुरेसे लक्ष राहत नाही. सतत पिल्ले घालायला लावलेली मादी ग्राहकाला दिसत नाही, त्याला दिसतो तो फक्त पिल्लाचा फोटो.

पाळलेला प्राणी उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्यासाठी दंड १० ते ५० रुपये इतकाच असल्याने त्याचा धाक नाही.

मोठ्या मांजराचा फायदा कोणता?

सर्वात मोठा फायदा म्हणजे अंदाज बांधता येतो. पिल्लू मोठेपणी शांत होईल की उचापती, हे कुणी सांगू शकत नाही. पाच-सात वर्षांच्या मांजराचा स्वभाव ठरलेला असतो. ते मांडीवर बसते की दूर राहणे पसंत करते, मुलांना घाबरते का, दुसरे मांजर चालते का, हे त्याला सांभाळणाऱ्यांना ठाऊक असते. निवारा केंद्रातून येणाऱ्या मोठ्या मांजराचे निर्बीजीकरण बहुधा झालेले असते. त्यामुळे माजावर आल्यानंतरचे रात्रभर ओरडणे किंवा बोक्याचे लघवीचे फवारे हा त्रास बऱ्याच अंशी टळतो. लिटर ट्रे वापरायची सवयही सहसा असते. रात्री दोन वाजता पडद्यावर चढण्याचा उत्साह एव्हाना ओसरलेला असतो.

ज्येष्ठ नागरिकांच्या दृष्टीने आणखी एक हिशेब आहे. घरात राहणारे मांजर १५ वर्षे सहज जगू शकते. वयाच्या ७० व्या वर्षी पिल्लू आणले, तर मालक ८५ वर्षांचा होईपर्यंतची ती जबाबदारी असते. आठ-नऊ वर्षांचे शांत मांजर अशा घराला अधिक शोभते.

ते नव्या घरात रुळते का?

रुळते, पण घाईने नाही. पहिले काही दिवस ते पलंगाखाली किंवा कपाटामागे बसून राहील. त्याला ओढून बाहेर काढू नये. एकच खोली द्यावी. तिथे खाणे, पाणी, लिटर ट्रे आणि लपायला खोका ठेवावा. आधीच्या जागेतले अंथरूण सोबत आणल्यास ओळखीचा वास मिळतो. काही मांजरे आठवड्यात मोकळी होतात, काहींना दोन-तीन महिने लागतात. मात्र पूर्ण २४ तास काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्यकाला विचारावे. मांजराने उपाशी राहणे त्याच्या यकृताला घातक ठरू शकते.

आजार आणि खर्चाचे काय?

इथे डोळेझाक नको. दहा वर्षांपुढील मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट विकार, दातांचे आजार, सांधेदुखी, थायरॉइड आणि मधुमेह यांचे प्रमाण वाढते. वर्षातून दोनदा तपासणी आणि रक्तचाचणी धरूनच अंदाजपत्रक करावे. जास्त पाणी पिणे, वजन घटणे, उडी मारणे टाळणे याला ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. माणसांचे पॅरासिटामॉल मांजरासाठी प्राणघातक आहे, ते कधीही देऊ नये.

खर्च पिल्लालाही असतोच. लसीचे अनेक डोस, जंतनाशक आणि निर्बीजीकरण पहिल्याच वर्षात येते. फरक इतकाच, की मोठ्या मांजराचा खर्च पुढे वाढत जातो.

घरात गर्भवती असेल, किंवा घर शाकाहारी असेल तर?

टोक्सोप्लाझ्माच्या भीतीने अनेक मांजरे घराबाहेर काढली जातात. मांजराला पहिल्यांदा संसर्ग झाल्यानंतर साधारण एक ते तीन आठवडेच हे परजीवी विष्ठेतून बाहेर पडतात आणि ती विष्ठा संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून ट्रे रोज साफ करावा आणि ते काम घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने करावे. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले मांस आणि न धुतलेली भाजी हे संसर्गाचे महत्त्वाचे मार्ग आहेत.

मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे अमिनो आम्ल त्याला आहारातूनच मिळावे लागते. त्याच्या कमतरतेने दृष्टी आणि हृदयावर परिणाम होतो. दूध-पोळीवर मांजर सांभाळता येत नाही. उलट बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. हे मान्य नसलेल्या घराने मांजर आणू नये.

दत्तक घेण्याआधी काय विचारावे?

मांजर निवारा केंद्रात का आले, किती दिवस आहे, रेबीजसह कोणत्या लसी झाल्या, एफआयव्ही व एफईएलव्ही या विषाणूंची चाचणी केली का, मूत्रपिंडाचा अहवाल आहे का, हे विचारावे. एकाच भेटीत ठरवू नये. काही संस्था आधी काही आठवडे तात्पुरते पालक म्हणून मांजर देतात, तो पर्याय असल्यास घ्यावा. संस्था अर्ज भरून घेते, घर पाहते, खिडक्यांना जाळी आहे का विचारते, तेव्हा तो अपमान समजू नये. उंच इमारतीतून पडून मांजरे जखमी होतात, म्हणूनच हा आग्रह असतो. काहीही न विचारता मांजर हातात देणाऱ्यापेक्षा प्रश्न विचारणारी संस्था बरी. आपल्या महापालिकेत मांजराची नोंदणी लागते का, हेही पाहावे.

अर्जात सहसा नसलेला एक प्रश्न मात्र स्वतःलाच विचारायला हवा. आपल्याला काही झाले, तर हे मांजर कोण सांभाळेल? त्या व्यक्तीचा होकार आधी घ्यावा आणि लिहून ठेवावा. एकदा घर गमावलेल्या मांजरावर पुन्हा तीच वेळ येऊ नये, याची तजवीज दत्तक घेण्याच्या दिवशीच करता येते.